कोलेस्ट्रॉलच्या गोळीला तीन दिवस सुट्टी? त्या फॉरवर्डमधलं खरं विष वेगळंच आहे

ज्येष्ठ नागरिकांच्या कुठल्याशा ग्रुपवरून निघालेला तो लांबलचक मेसेज परवा घरच्या ग्रुपवर येऊन पडला. पाठोपाठ आत्याचा प्रश्न आला: "गुडघ्यासाठी गोळी घेतेय, मग कोलेस्ट्रॉलची तीन दिवस बंद ठेवू ना?" आत्याला स्टेंट आहे. तेव्हा आता गप्प बसणं शक्य नाही.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. कोलेस्ट्रॉलच्या गोळीसोबत पॅरासिटामॉल घेतली की विष तयार होतं आणि ४८ तासांत लिव्हर निकामी होतं. त्याऐवजी कॉम्बिफ्लाम घ्यावी, कारण ती म्हणे लिव्हरवर जात नाही. दुखण्याची गोळी चालू असेपर्यंत कोलेस्ट्रॉलची बंद ठेवून लिव्हरला विश्रांती द्यावी. अंगदुखी म्हणजे या गोळीने स्नायू झिजत असल्याची खूण. आणि शेवटी, लसूण-लिंबाचा काढा. खाली एका "प्रसिद्ध हृदयरोगतज्ज्ञांचा" हवाला, नाव अर्थातच नाही.

कॉम्बिफ्लामपासूनच सुरू करू. लिहिणाऱ्याने पाकीट उलटं करून वाचण्याचेही कष्ट घेतलेले नाहीत. त्या गोळीत आयब्युप्रोफेन ४०० मिलिग्रॅम असतं आणि पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम. म्हणजे वरच्या ओळीत जिला विष म्हटलं, तीच खालच्या ओळीत औषध म्हणून हातात ठेवली. झीरोडॉल-पी या दुसऱ्या दुखण्याच्या गोळीतला "पी" हाही पॅरासिटामॉलचाच, तेवढाच ३२५.

पॅरासिटामॉल आणि स्टॅटिन (कोलेस्ट्रॉलची नेहमीची गोळी ती हीच) यांचं भांडण नाही. पॅरासिटामॉलचा बहुतेक भाग लिव्हरमध्ये निरुपद्रवी होऊन लघवीवाटे जातो. थोडासा भाग एका विषारी पदार्थात बदलतो, त्याला ग्लुटाथायोन हे लिव्हरमधलंच संरक्षक द्रव्य तिथल्या तिथे निकामी करतं. स्टॅटिनपैकी ॲटोरव्हास्टॅटिनचं विघटन मुख्यतः वेगळ्या एन्झाइमकडून होतं, आणि रोझुवास्टॅटिन तर बरंचसं जसंच्या तसं बाहेर पडतं. लिव्हर बिघडतं ते पॅरासिटामॉलचा एकूण डोस चढल्यावर, कारण तेव्हा ग्लुटाथायोन संपतं. स्टॅटिन घेत नसलेल्यालाही हेच लागू. मोठ्या माणसाची २४ तासांची कमाल मर्यादा ४ ग्रॅम. वजन ५० किलोपेक्षा कमी असेल, रोजची दारू असेल किंवा लिव्हरचा आजार असेल तर मर्यादा त्याहून खाली, आणि ती डॉक्टरांकडून ठरवून घ्यायची.

आता घराघरांत होतं काय ते पाहा. तापासाठी ६५० ची गोळी चार वेळा, म्हणजे २६०० मिलिग्रॅम. अंगदुखीसाठी कॉम्बिफ्लाम तीन वेळा, म्हणजे ९७५. सर्दीच्या गोळीत बहुधा ५००, ती तीन वेळा, म्हणजे १५००. बेरीज ५०७५. तीन वेगळी नावं, तीन वेगळे रंग आणि आत तेच औषध. धोका या बेरजेत आहे. स्टॅटिन घेणाऱ्याने गुडघ्यासाठी ५०० किंवा ६५० ची एक साधी पॅरासिटामॉल घ्यावी, दोन डोसांत सहा तासांचं अंतर ठेवावं. काही दिवसांपुरतं दुखणं भागवायला ती त्याच्यासाठी सगळ्यात सुरक्षित गोळी आहे.

उलट आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲसेक्लोफेनॅक, एटोरिकॉक्सिब हे कुळच अशा माणसासाठी जपून वापरायचं. स्टॅटिनशी त्यांचं वैर आहे असं नाही. पण ज्याला स्टॅटिन चालू आहे त्याला बऱ्याचदा बीपीही असतं, मधुमेहही असतो. बीपीचं टेल्मिसार्टन किडनीच्या गाळणीतून रक्त बाहेर नेणारी नळी सैल करतं. बऱ्याचदा त्याच गोळीत असलेलं हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन अंगातलं पाणी कमी करतं. अशा वेळी गाळणीतला दाब टिकतो तो आत येणारी नळी उघडी राहिल्यामुळे, आणि ही वेदनाशामकं नेमकी तीच आवळतात. त्यात जुलाब लागले किंवा उन्हाळ्यात पाणी कमी पडलं की क्रिएटिनिन चढतं, म्हणजे किडनीचं काम मंदावतं. चिकनगुनियानंतर सांधे महिनोनमहिने दुखतात आणि मेडिकलवाला मागेल तितक्या पट्ट्या देतो, तेव्हा हे हमखास पाहायला मिळतं. हृदयविकार असलेल्यांना डायक्लोफेनॅक देऊ नये, असं युरोपच्या औषध नियामकाने २०१३ मध्येच सांगितलं आहे. दुखऱ्या गुडघ्यावर जेल चोळायला मात्र सहसा हरकत नाही. त्यातलं फार थोडं औषध रक्तात उतरतं.

हृदयासाठी रोज ॲस्पिरिन घेणाऱ्यांचं तर आणखी वेगळं. ॲस्पिरिन प्लेटलेटमधलं एक एन्झाइम कायमचं बंद करतं, म्हणून रक्ताची गुठळी होत नाही. आयब्युप्रोफेन आधी पोटात गेलं तर ते त्याच जागी काही तास ठाण मांडतं आणि ॲस्पिरिन आत न शिरताच निघून जातं. साध्या ॲस्पिरिननंतर किमान अर्धा तास थांबून, किंवा ॲस्पिरिनच्या आठ तासांहून आधी आयब्युप्रोफेन घ्यावं, हा अमेरिकेच्या औषध नियामकाचा, एफडीएचा, २००६ चा सल्ला. पण आपल्याकडची ७५ ची ॲस्पिरिन बहुतेक वेळा आतड्यात विरघळणाऱ्या आवरणाची असते, तिला हे घड्याळ लावता येत नाही. शिवाय दोन्ही मिळून पोटात रक्तस्राव करू शकतात. शौचाला डांबरासारखं काळं झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

आता ती तीन दिवसांची सुट्टी. सगळ्यात घातक ओळ हीच. आत्याची "कोलेस्ट्रॉलची गोळी" ही नुसती कोलेस्ट्रॉलची नाहीच. त्या एका कॅप्सूलमध्ये रोझुवास्टॅटिनबरोबर ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल ही गुठळी रोखणारी दोन औषधंही आहेत. आपल्याकडे स्टेंट घातलेल्या कितीतरी जणांना अशीच एकत्र कॅप्सूल लिहून दिलेली असते आणि घरात तिचं नाव "कोलेस्ट्रॉलची" एवढंच पडतं. ती बंद केली म्हणजे स्टेंट मोकळा ठेवणारी दोन्ही औषधं एका झटक्यात बंद. नव्या स्टेंटमध्ये गुठळी होण्याचं एक मोठं कारण हेच. तेव्हा मागच्या बाजूची बारीक अक्षरं आधी वाचा, दिसत नसतील तर नातवाकडून वाचून घ्या. कॅप्सूलमध्ये फक्त स्टॅटिन असेल, तर तीन दिवसांनी आभाळ कोसळत नाही हे मान्य. पण विश्रांतीची गरज कुणाला होती? आणि एकदा बंद केलेली गोळी तीन दिवसांनी पुन्हा सुरू होतेच असंही नाही.

स्नायूंच्या मुद्द्यात अर्धं सत्य आहे, ते द्यायला हवं. स्टॅटिनने काहींचे स्नायू खरंच दुखतात. सेरिव्हास्टॅटिन नावाचं औषध तर स्नायू विरघळण्याच्या घटनांमुळे २००१ मध्ये बाजारातून काढावं लागलं. पण आजच्या औषधांचं काय? लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या संशोधकांनी त्रासामुळे स्टॅटिन सोडलेली ६० माणसं घेतली आणि प्रत्येकाला १२ बाटल्या दिल्या. चारांत ॲटोरव्हास्टॅटिन २०, चारांत हुबेहूब दिसणारी पण औषध नसलेली पोकळ गोळी, चार रिकाम्या. महिन्याला एक बाटली, आणि रोजच्या त्रासाला शंभरपैकी गुण. रिकाम्या महिन्यांत सरासरी ८, पोकळ गोळीच्या महिन्यांत १५.४, खऱ्या गोळीच्या महिन्यांत १६.३. म्हणजे गोळी घेतल्यावर जो जास्तीचा त्रास व्हायचा, त्यातला नव्वद टक्के पोकळ गोळीनेही झाला. दुखणं खोटं नव्हतं. ते गोळी घेतल्याच्या धास्तीतून येत होतं. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये २०२० साली हे छापून आलं. आपले आकडे पाहिल्यावर त्यातल्या निम्म्या लोकांनी स्टॅटिन परत सुरू केली.

स्टॅटिनचं दुखणं बहुधा दोन्ही बाजूंना असतं. मांड्या, पोटऱ्या, खांदे दुखतात, आणि गोळी सुरू केल्यापासून किंवा डोस वाढवल्यापासून काही आठवड्यांत ते सुरू होतं. जिना उतरताना एकच गुडघा दुखतो तो झिजेचा. शंका असेल तर डॉक्टर रक्तातलं सीपीके (स्नायूंना इजा झाली की वाढणारं एन्झाइम) तपासतात, थायरॉइड बघतात, गरज पडली तर स्वतः गोळी थांबवून पुन्हा सुरू करून पाहतात. मात्र अंगात अजिबात त्राण नाही आणि लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली, तर स्टॅटिनचा पुढचा डोस न घेता तडक हॉस्पिटल गाठायचं, आणि कॅप्सूल एकत्र असेल तर तिथे पोचताच ते सांगायचं.

काढ्यावर शब्द खर्च करत नाही. आवडत असेल तर प्या, गोळीच्या जागी नको.

जे खरोखर सांगायला हवं होतं ते मात्र मेसेजमध्ये कुठेच नाही. गाऊटसाठी (युरिक ॲसिडमुळे होणाऱ्या सांधेदुखीसाठी) कोल्चिसिन चालू असेल आणि किडनी कमकुवत असेल तर स्टॅटिनबरोबर स्नायूंना धोका वाढतो. ॲटोरव्हास्टॅटिन चालू असताना क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक लिहून दिलं तर डॉक्टरांना आठवण करून द्या. ते स्टॅटिनची रक्तातली पातळी चढवतं. आणि दुखण्याच्या गोळीने जळजळ होते म्हणून वरून अँटासिडचं गुलाबी औषध पिणाऱ्यांसाठी: ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमचं अँटासिड रोझुवास्टॅटिनसोबतच घेतलं तर रोझुवास्टॅटिन जवळपास निम्मंच रक्तात पोचतं. आधी रोझुवास्टॅटिन, मग दोन तासांनी अँटासिड.