वाडा बघायला गेलो आणि पार्किंग बघून आलो

भाची इंदूरची. आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सुट्टीत आली ती वही, टेप आणि एकच हट्ट घेऊन: "मामा, मला पुण्याचा खरा वाडा दाखव. आतून." मी छाती फुगवून म्हटलं, "अगं, पेठेत वाढलोय मी. एका रविवारात दहा दाखवतो."

दहा! डोंबलाचे दहा.

पहिला वाडा फोनवरच्या नकाशाने दाखवला. "ऐतिहासिक वाडा", खाली कुणीतरी दिलेले चार तारे. गाडी लावायला अर्धा तास, मग बोळातून चालत पोचलो. समोर सात मजली इमारत. ग्रॅनाइटवर सोनेरी अक्षरांत अमुकतमुक वाडा. वॉचमन खुर्चीतून न उठता म्हणाला, "कोणाकडे जायचंय?" म्हटलं, वाडा बघायचाय. "हाच वाडा. कितवा मजला?"

भाची खो खो हसली. मला हसू आलं नाही. अरे, वाडा पाडलात ना? मग नाव तरी सोडा की त्याचं! चौकाच्या जागी स्टिल्ट पार्किंग, तुळशीवृंदावनाच्या जागी ट्रान्सफॉर्मर, आणि पाटीवर वाडा.

दुसरा वाडा सरकारी देखरेखीतला. कुठला ते सांगत नाही, उगाच त्या गरीब शिपायावर शेकेल. दाराला कुलूप. पाटीवरच्या वेळेनुसार वाडा उघडा हवा होता. चौकशी केली तर चावीवाला चहाला गेलेला. तो चाळीस मिनिटांनी आला आणि आम्हीच उशीर केल्यासारखं बघत म्हणाला, "वरचा मजला बंद आहे. काम चालू आहे."

"किती दिवस चालणार?"

"मी बदलून आलो त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून चालूच आहे."

खालच्या ओसरीत सिमेंटची पोती, मोडक्या खुर्च्या आणि कुठल्याशा उत्सवाचा घडी घातलेला मांडव. जिन्याला दोरी बांधलेली. आणि भिंतीवर मात्र कडक सूचना: फोटो काढू नये. कशाचे काढणार, पोत्यांचे?

मग शनिवारवाडा, कारण तो निदान चुकत नाही. १७३० साली पाया, १७३२ साली वास्तुशांत, १८२८ च्या आगीत आतलं सगळं खाक. उरली ती तटबंदी, दिल्ली दरवाजा, जोती आणि कारंजी. मी भाचीला जोत्यांवरून दालनं कशी ओळखायची ते सांगत होतो. शेजारी एक घोळका, त्यातल्या माणसाला एकच प्रश्न: "अमावास्येला 'काका मला वाचवा' खरंच ऐकू येतं का हो?" नारायणराव पेशव्यांचा इथे खून झाला तो १७७३ मध्ये. अडीचशे वर्षं होऊन गेली, त्या पोराला अजून आम्ही ओरडायला लावतोय. अख्ख्या राजवाड्यातलं आम्हाला काय आठवतं, तर भूत!

भाची तेवढ्यात म्हणाली, "मामा, आमचा राजवाडा पण ८४ साली जळला होता. पण जळलेला भाग परत उभा केला. आत जाता येतं." इंदूरकरांनी मला पुण्यात येऊन हे ऐकवावं आणि मी मान खाली घालून ऐकावं, ही वेळ आली.

आता कुणी म्हणेल, विश्रामबाग वाडा आहे, केळकर संग्रहालय आहे, केसरीवाडा आहे, गंज पेठेत फुल्यांचा वाडा आहे. आहेत ना. विश्रामबागेचे ते सुरूच्या झाडासारखे निमुळते खांब बघून मान अवघडते आजही. केळकरांनी तर कोथरूडच्या मस्तानी महालाचे तुकडे गोळा करून दालन उभं केलं, म्हणून तेवढं तरी दिसतं. पण मला भाचीला दाखवायचं होतं ते साधं घर. दिंडी दरवाज्यातून, म्हणजे मोठ्या दारातल्या छोट्या दारातून, वाकून आत जायचं, दारालगतच्या देवडीत चपला काढायच्या, चौकात ऊन, ओसरीवर झोपाळा, आत माजघर इतकं अंधारं की डोळे सरावायला वेळ लागावा. कोनाड्यात दिवा, भिंतीत धान्य साठवायचं बळद. माणसं राहतात तो वाडा. पेशव्यांचा नको, पेशव्यांच्या कारकुनाचाही चालला असता!

शेवटी एका मित्राच्या ओळखीने एक मिळाला. दोन चौकी होता म्हणे, आता दीड उरलाय. मागचा अर्धा कोसळला, तिथे रुईची झाडं माजलीत. पुढच्या भागात दोनच बिऱ्हाडं. पैकी एका आजींनी दार उघडलं, आधी पाणी दिलं आणि मग "कोण, कुठले" विचारलं.

चौकात उभे राहिलो आणि भाची गप्पच झाली. खांबाच्या माथ्यावर हस्त, म्हणजे तुळईला आधार देणारे लाकडी हात, हस्तांच्या टोकांना उलटी लोंबणारी केळफुलं, पाकळी न् पाकळी मोजून घ्यावी अशी. तुळई इतकी जाड की माझ्या मिठीत मावणार नाही. तिच्या मधोमध लोखंडी टेकू. वर निळी ताडपत्री. आणि माजघराच्या दारावर गणेशपट्टी होती ना, मधे गणपती आणि दोन बाजूंना वेल, त्या वेलावर लाकडी फळी ठोकून विजेचे मीटर बसवलेले. मी मोजले. अकरा. त्यातले नऊ बंद, माणसंच उरली नाहीत म्हणून. एक खिळा थेट वेलातल्या मोराच्या मानेतून गेला होता.

कोणी ठोकला असेल तो खिळा? ठोकताना हात थांबला नसेल का क्षणभर?

आजी भाचीला म्हणाल्या, "बाळ, फोटो काढ हवे तेवढे. फक्त त्या टेकूचा नको काढूस. मालकांना वाटेल आम्ही तक्रार करतोय."

भाडं विचारलं. महिना अठ्ठावीस रुपये. १९४७ चा भाडेकायदा आला आणि भाडी तिथेच गोठली. अठ्ठावीस रुपयांत मालक तुळई बदलणार? खिळाही येत नाही. तो दुरुस्ती करत नाही, भाडेकरू जागा सोडत नाहीत, दर पावसाळ्याआधी धोकादायक इमारतीची नोटीस येते, आणि सगळे मिळून वाट बघतात. कशाची? वाडा आपणहून पडण्याची! पडला की कुणाचाच दोष नाही. दगडी जोत्यावर माती, विटा आणि लाकूड. वरची कौलं सरकू द्या, चार पावसाळे पाणी मुरू द्या, बाकीचं काम तोच करतो.

नदीकाठचे कितीतरी १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटून आलेल्या पुराने नेले. त्याचं दुःख तरी करता येतं. उरलेले आम्हीच नेले, सह्या करून. भिडेवाड्याचंच बघा. १८४८ मध्ये जोतीराव-सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली ती जागा. वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्या, खाली दुकानं, वर मोडकळीला आलेलं लाकूड. शेवटी डिसेंबर २०२३ मध्ये रातोरात पाडला, स्मारकासाठी. स्मारक व्हायलाच हवं, त्यात वाद नाही. पण तोवर तो वाडा इतका कुजू कोणी दिला, हे विचारायचं की नाही?

आणि हो, मला फार तोंड नाही. आमचाही गेला. सदाशिव पेठेतला, एक चौकी, मागे आड. सही वडिलांनी केली, पेढे मी वाटले. संडासाची रांग संपली, घरात नळ आला, या आनंदात मी तेव्हा चौकाकडे वळूनसुद्धा पाहिलं नव्हतं. आमचा दिंडी दरवाजा कोणी किती रुपयांना नेला, ते आजतागायत माहीत नाही.

कदाचित कळेल. कारण संध्याकाळी भूक लागली म्हणून महामार्गावरच्या एका हॉटेलात शिरलो. नावातच वाडा. दारात फेटेवाला, तुतारीची रेकॉर्ड, पितळी ताटं, पिठलं-भाकरीची थाळी साडेचारशे रुपये. आणि मधे खांब. खरे! जुने, सागवानी, कुठल्यातरी पाडलेल्या घरातून आणलेले, वर चकचकीत पॉलिश. हात धुवायच्या बेसिनमागे अख्खा दिंडी दरवाजा भिंतीला टेकवलेला, कड्यांसकट. लोक त्यापुढे चूळ भरत होते. दिवसभर आम्ही पेठेत जे शोधत वणवण फिरलो ते इथे टोमॅटो सूपच्या शेजारी उभं होतं.

भाचीने टेप काढला, एक खांब मापला, मग मान वाकडी करून बघत राहिली. "मामा, हा उलटा बसवलाय."

खरंच. सुरूचा खांब खाली फुगीर असतो, बुडाशी पानं असतात, वर निमुळता होत जातो. इथे पानं छताला टेकलेली आणि निमुळतं टोक फरशीत. मॅनेजरला बोलावून सांगितलं. त्याने खांबाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "सर, छान दिसतोय की. सगळे इथेच फोटो काढतात."

मी भांडायला तोंड उघडणार, तेवढ्यात ताटं आली. भाचीने वही काढली, उलटी धरली आणि खांब काढायला घेतला.