बसवायचा की खेळवायचा?

अमेरिकन फुटबॉलचा नाद लागलेल्या माणसाला सोमवारी सकाळी चहाआधी एक प्रश्न पडतो: आपला क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा मुख्य गडी, बाकावर बसवायचा की खेळवायचा? मला न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींची विशेष दया येते. नाव न्यूयॉर्कचं, मैदान ईस्ट रदरफर्डचं, असे जायंट्स आणि जेट्स हे दोन्ही संघ त्यांच्या दाराशी. म्हणजे हा खटला एकाच सकाळी दोनदा चालवायचा. न्यायाधीश व्हायला पात्रता एकच, घरात टीव्ही हवा.

आरोपीचं काम तसं साधं आहे. स्नॅप झाला, म्हणजे डाव सुरू करायला चेंडू मागे दिला, की तो त्याच्या हातात येतो. पाच धिप्पाड लाइनमन त्याला वाचवत असतात, समोरून तितकेच धिप्पाड लोक त्याला आडवा करायला येत असतात, आणि अडीच-पावणेतीन सेकंदांत कोण मोकळा आहे ते हेरून त्यानं चेंडू फेकायचा असतो. आपण कोथिंबिरीची जुडी निवडायला याहून जास्त वेळ घेतो.

खटला आधी आकड्यांवर उभा राहतो. १९७३ पासून एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये पासर रेटिंग नावाचं प्रकरण आहे. किती पास जमले, दर पासमागे किती यार्ड, किती टचडाउन (गोलरेषेपलीकडे पोचलेले पास), किती इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्यांनी झेललेले पास), यांची खिचडी करून जास्तीत जास्त १५८.३ गुण देतात. शंभरावर का थांबले नाहीत, हे विचारू नये. २१ ऑक्टोबर २०१९ च्या रात्री जेट्सच्या सॅम डार्नोल्डचे न्यू इंग्लंडविरुद्ध ३२ पैकी ११ पास जमले. ८६ यार्ड, चार इंटरसेप्शन, संघ ०-३३ नं गारद. रेटिंग ३.६. त्यानं प्रत्येक चेंडू मुकाट्यानं जमिनीवर आपटला असता, तरी हेच सूत्र त्याला ३९.६ देऊन मोकळं झालं असतं! ‘मला भुतं दिसतायत’ हे त्याचं वाक्यही त्या रात्री माइकनं टिपलं. एवढ्या पुराव्यावर कुठलाही न्यायाधीश फाशीच देईल. याच डार्नोल्डनं २०२४ मध्ये मिनेसोटाला १७ पैकी १४ सामने जिंकून दिले.

या सूत्रात सॅक, म्हणजे पास फेकण्याआधीच क्वार्टरबॅक आडवा होणं, मोजतच नाहीत. चेंडू कवटाळून उभा राहिला आणि आठ यार्ड मागे आडवा झाला, तरी रेटिंगला खरचटत नाही. उलट छातीवर नेमका आलेला चेंडू रिसीव्हरच्या, म्हणजे पास झेलणाऱ्या गड्याच्या, बोटांवरून उडाला आणि बचावपटूनं झेलला, की इंटरसेप्शन क्वार्टरबॅकच्या नावावर. आणि त्यानं सरळ बचावपटूच्या हातात दिलेला चेंडू त्या बिचाऱ्याकडून सुटला, तर वहीत फक्त ‘पास अपूर्ण’. म्हणून मी इंटरसेप्शन मोजण्याआधी पाहतो, की चेंडू कुणाच्या हाताला लागून गेला, रिसीव्हर ठरलेल्या वाटेनं धावला का, आणि हाफ संपता संपता देवाचं नाव घेऊन भिरकावलेला तर नव्हता. चौथ्या क्वार्टरमध्ये २४ गुणांनी मागे असताना जमवलेले यार्डही मी धरत नाही. तेव्हा समोरचे मागे सरकून छोटे पास मुद्दाम देतात. त्यांना फक्त घड्याळ पळायला हवं असतं.

खरं बघायचं तर चेंडूकडे बघू नका. स्नॅप झाला की मनात सेकंद मोजा. दुसऱ्या सेकंदाच्या आत माणूस अंगावर आला, तर गुन्हा लाइनमनचा. तीन उलटून गेले आणि हा अजून तिथंच नाचतोय, तर सॅक त्याचा स्वतःचा. मग पाय पाहा. समोर कुणी आलेलं नसतानाही मागे मागे सरकत असेल, तर मार खाऊन खाऊन तो धास्तावलाय. थर्ड डाउनला, म्हणजे दहा यार्ड सरकायला मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी तिसऱ्याला, आठ यार्ड हवे असताना तीन यार्डांचा पास वारंवार टाकतो का, तेही बघा. अडचण अशी, की टीव्हीचा कॅमेरा चेंडूला चिकटलेला असतो आणि लांब धावणारे रिसीव्हर चौकटीबाहेर जातात. कोण मोकळा होता, हे बावीसच्या बावीस खेळाडू दिसणाऱ्या चित्रणातच कळतं. ते सामना संपल्यावर हाती येतं, तोवर आपण निकाल देऊन बसलेलो असतो.

२०२३ मध्ये कॅरोलायनाच्या ब्राइस यंगला ६२ वेळा आडवा केला. पुढच्या हंगामात दोन सामन्यांनंतर त्याला बसवून अँडी डाल्टनला आणलं. मग मोटार अपघातात डाल्टनचा अंगठा दुखावला, यंग परतला आणि चक्क बरा खेळायला लागला. अपील मंजूर झालं ते असं.

राखीव क्वार्टरबॅक मात्र बाकावर बसलेला असेपर्यंत नेहमीच देखणा दिसतो. २०१७ मध्ये बफेलोनं पाच विजय, चार पराभव अशी बरी गाडी चालू असताना टायरॉड टेलरला बसवून नेथन पीटरमनला उतरवलं. पहिल्या हाफमध्येच पाच इंटरसेप्शन! दुसऱ्या हाफला टेलर परत, आणि त्याच हंगामात संघ १७ वर्षांच्या उपासानंतर प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत.

कधी कधी खेळाचा संबंधच नसतो. २०२३ मध्ये डेन्व्हरनं शेवटचे दोन सामने उरले असताना रसेल विल्सनला बसवलं. तो जायबंदी झाला असता, तर ३ कोटी ७० लाख डॉलरची हमी संघाच्या गळ्यात पडली असती.

बसवायचाच असेल, तर निदान मुहूर्त बघावा. सरावातले बहुतेक स्नॅप पहिल्या क्वार्टरबॅकला मिळतात. राखीव गडी आठवडाभर पुढच्या प्रतिस्पर्ध्याच्या क्वार्टरबॅकची नक्कल करत आपल्याच बचावाला सराव देत असतो. म्हणून बदल सुट्टीच्या आठवड्याआधी करावा, तयारीला दोन आठवडे मिळतात. रविवारी बदलून गुरुवारी खेळवणं हा निव्वळ छळ. जायंट्सनी २०१७ मध्ये सलग २१० सामने सुरुवात केलेल्या इलाय मॅनिंगला बसवून जीनो स्मिथला खेळवलं. ओकलंडमध्ये हरले. दुसऱ्याच दिवशी प्रशिक्षक आणि जनरल मॅनेजर दोघांना नारळ मिळाला. पुढच्या रविवारी इलाय नेहमीच्या जागी हजर होता.