आंधळ्या माणसाला ॲपच्या बाहेर कसं ठेवायचं?

क्रेडिट सोसायटीचं ॲप काढताय म्हणं? लई चांगलं केलासा. फक्त एक काळजी घ्या, दिसत नसलेलं कोण चुकून आत शिरायला नको.

पहिलं म्हंजे बटनांना नावं देऊ नका. नुसती चित्रं टाका, बाण, घर, तीन रेघा. आमचा मामा टॉकबॅक लावून फोन वापरतो, बोट फिरवंल तसं फोन बोलत जातो. परवा खानापुरात त्याच्या शेजारी बसून असलंच एक ॲप ऐकलो. "अनलेबल्ड बटन." बोट सरकवला. "अनलेबल्ड बटन." अशी सात झाली ओ, मोजलो मी. मामा म्हणाला, "आरं ह्यातलं पैसे पाठवायचं कुठलं आणि खातं बंद करायचं कुठलं?" मी म्हटलो, दाबून बघ की, कळतंय.

नोटीस कधी टाईप करून टाकू नका. कागदावर शिक्का मारा, मोबाईलवर वाकडा फोटो काढा आणि तोच पीडीएफ म्हणून चढवा, टॉकबॅकसारख्या स्क्रीन रीडरला ते कोरं पान. ह्यात एक फायदाबी हाय बघा. बोर्ड कानडीत का मराठीत म्हणून आपण सीमाभागात किती वर्षं भांडतोय, फोटोनं तो तंटा एका झटक्यात मिटवला, मामाला दोन्ही सारखंच कळत नाही.

अक्षरं पांढऱ्यावर फिकट करडी ठेवा, क्लासी दिसतंय. अक्षर आणि मागचा रंग ह्यांच्या उजेडात 4.5 ला 1 एवढा तरी फरक पाहिजे म्हणून वेबच्या नियमावलीत लिहिलंय, पण ती वाचायला चष्मा लागतो. केवायसीला, म्हंजे ओळख पटवायला, कॅमेऱ्यापुढं डोळ्यांची उघडझाप करायला लावा. ॲसिड हल्ल्यात डोळे गेलेल्यांनी ह्याच्यावरनं सुप्रीम कोर्ट गाठलं, आणि एप्रिल 2025 मध्ये कोर्टानं सांगितलं की डिजिटल सेवा सगळ्यांना वापरता येणं हा राज्यघटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग हाय, उघडझापेला दुसरा पर्याय द्या. पण तुमच्या ॲपच्या पोराला कोर्टाचं कुठं कळतंय, तो तर रेडिमेड टेम्प्लेट घेतलाय.

कायदा म्हणाल तर 2016 चा हाय, दिव्यांग हक्कांचा. जून 2017 ला नियम आले, सेवा देणाऱ्यांना त्या दिवसापासनं दोन वर्षं मुदत, म्हंजे 2019 लाच संपली की. घाबरू नका. पहिल्या खेपेला दंड दहा हजारापर्यंत, उद्घाटनाच्या मांडवाला ह्याच्यापेक्षा जास्त जातंय. पुढच्या खेपेला मात्र 50 हजार ते 5 लाख, तेव्हा पहिल्याच खेपेला मजा करून घ्या. आधी "ही नुसती शिफारस हाय" म्हणून हात झटकता यायचं, पण नोव्हेंबर 2024 ला सुप्रीम कोर्टानं तो मानकांचा नियम 15(1) च रद्द केला आणि सक्तीची मानकं करा म्हणून सांगितलं. वाईट झालं जरा.

शेवटी कॅप्चा टाका, वाकड्या अक्षरांचा. आवाजाचा पर्याय नको, सिक्युरिटी महत्त्वाची. सिक्युरिटी अशी की मामा शेवटी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात जातो, रांगेत थांबतो, नंबर आला की फोन पोराच्या हातात देतो, आणि मागं चारपाच माणसं उभी असताना ते पोरगं मोठ्यानं विचारतंय, "काका, पिन गेल्या वेळचाच न्हवं?"