चार नाकांची गाडी

डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला की माणसांच्या दोन जाती पडतात. एक जात त्यावर काळी चिकटपट्टी लावते. दुसरी जात कोड वाचायचं छोटं यंत्र स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या खोबणीत खुपसते, ‘पी०१७१’ वाचते आणि त्याच बैठकीत नवा ऑक्सिजन सेन्सर मागवते. मी दुसऱ्या जातीतला. त्यामुळे चिकटपट्टीवाल्यांबद्दल मला हल्ली आदर वाटतो. त्यांचे निदान पैसे तरी वाचतात.

ऑक्सिजन सेन्सर म्हणजे एक्झॉस्टमधला, जळून बाहेर पडणाऱ्या वायूतला, ऑक्सिजन हुंगणारं नाक. अमेरिकेतल्या पेट्रोलवरच्या व्ही-८ (दोन रांगांत आठ सिलिंडर) पिकअपला सहसा अशी चार नाकं असतात. सिलिंडरच्या प्रत्येक रांगेला दोन, एक कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या डब्याच्या, आधी आणि एक नंतर. पत्ता ‘बँक १, सेन्सर १’ असा येतो. बँक १ म्हणजे पहिला सिलिंडर ज्या रांगेत आहे ती. फोर्डच्या व्ही-८मध्ये ती प्रवाशाच्या बाजूला, शेव्हरोलेच्या व्ही-८मध्ये ड्रायव्हरच्या. म्हणजे फोर्डवाल्या मित्राने फोनवरून ‘उजवीकडचा बदल’ म्हटलं, की शेव्हरोलेत हमखास धडधाकट सेन्सर निघतो. त्यात उजवीकडचा म्हणजे सीटवर बसून की बॉनेटसमोर उभं राहून, हा वाद वेगळाच.

नवा सेन्सर बसतो, कोड पुसला जातो, चार दिवस सुखाचे जातात आणि पिवळा दिवा जावयासारखा हक्काने परत येतो. कारण पी०१७१चा अर्थ ‘सेन्सर बिघडला’ असा नाहीच. बँक १चं मिश्रण लीन आहे, हवा जास्त आणि पेट्रोल कमी, एवढंच तो सांगतो. बिचाऱ्या सेन्सरने वास घेऊन खरं ते सांगितलं आणि आपण त्यालाच उपटून फेकलं. चोर सोडून संन्याशाला फाशी.

बरं, या नाकाला कळतो फक्त ऑक्सिजन. एखाद्या सिलिंडरची ठिणगी चुकली, तर न जळलेलं पेट्रोल आणि न वापरलेला ऑक्सिजन दोन्ही बाहेर पडतात. नाक म्हणतं, ‘ऑक्सिजन फार, पेट्रोल वाढवा.’ कॉम्प्युटर आज्ञाधारकपणे वाढवतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

खरा छुपा रुस्तम म्हणजे एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा, सिलिंडरांमधला धूर गोळा करणाऱ्या नळकांड्याचा, तुटलेला बोल्ट. व्ही-८ पिकअपमध्ये मागच्या टोकाचे बोल्ट तुटायची खोड जुनी आहे. थंडीत सकाळी गाडी सुरू केली की टिक्‌टिक्‌ ऐकू येते, धातू तापून फुगला की फट मिटते आणि आवाज बंद. म्हणून गॅरेजात पोचेपर्यंत गाडी सोज्वळ झालेली असते. एक्झॉस्ट धक्क्याधक्क्याने निघतो. दोन धक्क्यांच्या मधे दाब पडतो आणि त्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. ती नाकाला लागली की झालं, ‘लीन’ची बोंब. गाडी रात्रभर गॅरेजातच ठेवून सकाळी थंड इंजिनावर तपासायला सांगावं. उलटतपासणी तेव्हाच होते.

पाना हातात घेण्याआधी कोड वाचायच्या यंत्रावर फ्युएल ट्रिमचे, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतो-घटवतो त्याचे, आकडे बघावेत. साधारण दहा टक्के अधिक-उणे चालतं. गाडी उभी असताना अधिक वीस आणि २५०० आरपीएमला आकडा खाली उतरला, तर इनटेककडे, इंजिनात हवा जाते त्या बाजूला, हवेची गळती. उलट भार पडल्यावर वाढला, तर पेट्रोल पंप किंवा आत येणारी हवा मोजणारा, मळलेला एअरफ्लो सेन्सर. पी०१७१ आणि पी०१७४ जोडीने आले, म्हणजे दोन्ही रांगा लीन. मग कारणही दोघींचं सामाईक धरावं.

हीटरचे कोड निराळे: पी०१३५, पी०१४१, पी०१५५, पी०१६१. सेन्सर तीनेकशे अंश सेल्सिअसला तापल्याशिवाय कामाला लागत नाही, म्हणून त्याच्या पोटात हीटर असतो. चारही कोड एकदम आले की चार सेन्सर मागवणारा महाभाग असतोच. अहो, चारही एकाच मुहूर्तावर कसे मरतील? आधी फ्यूज बघा. तो पुन्हापुन्हा उडत असेल तर तापलेल्या पाइपला टेकून वितळलेली तार शोधा. कोड एकच असेल तर कनेक्टर काढून हीटरच्या दोन तारांमधला रोध मोजा. बहुधा त्या एकाच रंगाच्या असतात. थंड सेन्सरला काही ओहम दिसले तर हीटर शाबूत, मीटर अनंत दाखवू लागला तर खेळ खलास.

कन्व्हर्टरच्या आधीच्या, जुन्या पद्धतीच्या सेन्सरची परीक्षा सोपी. तापलेल्या इंजिनावर व्होल्टेज ०.१ ते ०.९च्या मधे सतत नाचलं पाहिजे. इनटेकला जोडलेली व्हॅक्यूमची बारीक नळी क्षणभर काढा. आकडा चटकन खाली आला तर नाक तल्लख आहे, दुसरीकडे बघा. वाइडबँड सेन्सरला, म्हणजे मिश्रण नेमकं मोजणाऱ्या नव्या जातीला, हे आकडे लावू नयेत.

नाक खरंच गेलं असेल, तर २२ मिलिमीटरचा फट असलेला सॉकेट आणि आदल्या रात्री मारलेलं गंज सोडवणारं तेल हवं. बर्फावर मीठ टाकणाऱ्या राज्यांत ते दोनदा मारावं. अँटीसीझ, म्हणजे आटे गंजून जाम होऊ न देणारा लेप, फक्त आट्यांना, सेन्सरच्या टोकाला थेंबही नको. जवळपास साधं सिलिकॉन गॅस्केट वापरलं तर त्याच्या वाफेने नवं नाकही पांढरं पडतं.

मग यंत्राने कोड पुसायचा मोह होतो. पण पुसताच कॉम्प्युटरच्या सगळ्या स्वयंचाचण्यांच्या नोंदी कोऱ्या होतात, आणि धुराची तपासणी करणारा त्या कोऱ्या पाटीकडे बघून गाडी परत पाठवतो. काही दिवस निमूट चालवा, थंड सुरुवात आणि हायवे दोन्ही होऊ द्या. चिकटपट्टी तोवर राहू दे.