प्रयोगशाळेतलं माकड म्हादईत सोडू नका

गोव्यात माकडांचा विषय निघाला की चर्चा कुळागरात, म्हणजे नारळ-सुपारीच्या बागेत जाते. खेती, म्हणजे इथली माकडं, कोवळे नारळ पाडतात, केळीचा घड संपवतात, काजूच्या बोंडूंची नासाडी करतात. २०१६ मध्ये माकडांना उपद्रवी ठरवण्याची कल्पना सरकारी पातळीवरूनच पुढे आली होती. अशा वातावरणात प्रयोगशाळेतून निवृत्त होणाऱ्या माकडांबद्दल बोललं, तर दोन उत्तरं मिळतात. एक, "इथलीच आवरत नाहीत, त्यांना कसली पेन्शन?" दुसरं दयेपोटी येतं, "सत्तरी तालुक्यातल्या म्हादईच्या रानात सोडून द्या." प्रयोगातून सुटलेल्या माकडांना आयुष्यभर सांभाळणाऱ्या अमेरिकेतल्या आश्रयस्थळांचा कारभार पाहता दुसरं उत्तर मला जास्त घातक वाटतं.

भारतातल्या प्रयोगांत मुख्यतः ऱ्हीसस माकड असतं. २०२० मध्ये कोव्हॅक्सिनची चाचणीही २० ऱ्हीससांवर झाली. ही जात उत्तरेकडची. आपली खेती म्हणजे बॉनेट मकाक, फक्त दक्षिण भारतात सापडणारी. ऱ्हीसस दक्षिणेकडे सरकत जिथे पोचतं, तिथून बॉनेट मागे हटतं. शिवाय सत्तरीत माकडतापाने माणसं दगावलेली आहेत. गोचिडींतून पसरणाऱ्या त्या विषाणूला नव्या माकडांची भर घालणं हा वेडेपणा ठरेल. आणि पिंजऱ्यात वाढलेल्या जनावराला रानातली टोळी स्वीकारत नाही, फाडते.

मग सांभाळायचं कसं? आल्यावर किमान महिनाभर विलगीकरण. क्षय तपासण्यासाठी वरच्या पापणीत ट्युबरक्युलिन टोचतात आणि २४, ४८, ७२ तासांनी सूज बघतात. नरांची फक्त नसबंदी करतात, वृषण काढत नाहीत, कारण हार्मोन गेलं की टोळीतला दर्जा ढासळतो. अमेरिकी मार्गदर्शिकेनुसार प्रयोगशाळेत १० किलोपर्यंतच्या माकडाला किमान ४.३ चौरस फूट जागा आणि ३० इंच उंची मिळते. तिथे वर्षं काढलेल्याला हलती फांदीसुद्धा पेलत नाही. म्हणून आधी कमी उंचीवर घट्ट बसवलेल्या फळ्या, दोरखंड नंतर.

सगळ्यात जास्त घोटाळे माकडांची एकमेकांशी ओळख करून देताना होतात. आधी दुरून नुसतं दिसू द्यायचं, मग मधे जाळी, तीही बोटं पलीकडे जाणार नाहीत इतकी बारीक, नाहीतर बोटं तुटतात. त्यानंतर दोघांना एकत्र सोडायचं, पण त्या खोलीला दोन दारं हवीत. हरणाऱ्याला पळायला वाट नसली की चावा शेपटीवरून गळ्यापर्यंत जातो. याला कधी आठवडे लागतात, कधी महिने. काहींचं कुणाशीच जमत नाही, ते शेजारच्या जाळीआड राहतात. खाणं विखरून टाकायचं, म्हणजे दुबळ्यालाही मिळतं. केळ्यांचा मारा नको, मधुमेह होतो. माकडाचं शरीर क जीवनसत्त्व बनवत नाही, म्हणून ते घातलेले खास गोळे रोज लागतात. जुन्या साठ्यात ते जीवनसत्त्व उरत नाही आणि गोव्याच्या पावसाळ्यात गोळ्यांना बुरशी धरायला वेळ लागणार नाही.

मकाकांच्या अंगात राहणारा बी विषाणू माणसासाठी जीवघेणा ठरू शकतो, म्हणून आश्रयस्थळात माणूस आणि मोकळं मकाक यांच्यामधे जाळी असते. १९९७ मध्ये जॉर्जियातल्या संशोधन केंद्रात डोळ्यात थेंब उडाल्यामुळे एक तरुण कर्मचारी दगावली. तेव्हा पर्यटकांना तिकीट लावून खर्च काढू, हा गोव्यात सहज सुचणारा मार्ग बंद आहे.

राहिला पैसा. अमेरिकेने २००० सालच्या कायद्याने चिंपांझींची सोय केली. त्यांच्यासाठीच्या लुइझियानातल्या केंद्राचा ७५ टक्के खर्च केंद्र सरकार उचलतं. माकडांसाठी मात्र असा कायदाच नाही. सगळा भार देणगीदारांवर पडतो आणि ऱ्हीसस तर २५-३० वर्षं जगू शकतं. नुसते पैसे देऊनही भागत नाही. २००६ मध्ये ओहायोच्या एका विद्यापीठाने ९ चिंपांझी निधीसह टेक्सासमधल्या एका आश्रयस्थळाला पाठवले. त्यांतले दोघे काही आठवड्यांतच मेले आणि त्याच वर्षी ती संस्था न्यायालयाने नेमलेल्या व्यक्तीच्या ताब्यात गेली. आधी जाऊन तपासायला हवं होतं.

भारताचा नियम याबाबत पुढे आहे. प्रयोगानंतरच्या देखभालीचा आणि पुनर्वसनाचा खर्च संशोधनाच्या खर्चातच धरला पाहिजे, असं तो सांगतो. म्हणून गोवेकर करदात्याने "त्यांना पेन्शन कशाला" असं विचारण्यापेक्षा प्रयोगाला मंजुरी देणाऱ्या समितीला विचारावं: प्रत्येक माकडामागे किती रक्कम बाजूला ठेवली, ती कुणाच्या खात्यात आहे आणि कोणत्या आश्रयस्थळाशी लेखी करार झालाय? ही उत्तरं नसतील तर प्रयोगच सुरू होऊ नये.