उद्या पहाटे हरिहर? डन!

रोज तेच नाशिकचं अंबड, तोच द्वारकेचा चौक, तोच डबा. जीव विटलाय ना? मग शनिवारी रात्री साडेअकराला ग्रुपवर टाका, 'उद्या पहाटे हरिहर?' गेला रविवार मी त्र्यंबकजवळच्या त्याच गडावर लटकून काढलाय, तेव्हा चार गोष्टी सांगायचा मला आता हक्क आहे.

नियोजन करू नका. पाऊस किती, गर्दी किती, हे बघत बसणारे लोक आयुष्यात कधी जगतच नाहीत. पहाटे चारला मित्राच्या सोसायटीखाली उभं राहून हॉर्न वाजवा. फोन केला तर फक्त मित्रच उठतो.

पायात स्लीपर चालेल. शेवाळ काय बुटालाही सोडत नाही.

त्र्यंबकच्या अलीकडे अंजनेरी लागेल. तिथे कंदीलपुष्पाची एक जात आहे, त्या डोंगराचंच नाव लागलेली. तुम्हाला काय, फूल दिसलं की तोडायचं.

आता पायऱ्या. उभ्या कातळात खोदलेल्या, एका वेळी एकच माणूस जाईल एवढ्या, हात घालायला दोन्ही बाजूंना खोबण्या. १८१८ साली इंग्रजांनी त्र्यंबकसकट या भागातले किल्ले घेतले. कित्येक गडांच्या वाटा त्यांनी सुरुंग लावून उडवल्या, या पायऱ्या तेवढ्या राहिल्या. का राहिल्या असतील? तुमच्या रीलसाठी! तेव्हा बरोबर मधोमध थांबायचं. खालचे थांबतील, त्यांना रविवारी दुसरं काम काय? एक हात सोडून मागे वळायचं आणि मोबाईल खालच्या माणसाच्या हातात द्यायचा. तो कोण, त्याचा पाय कुठे आहे, याच्याशी आपला संबंध नाही. परवा एका पठ्ठ्याने मलाच दिला. "काका, स्लो-मोमध्ये घ्या ना." माझा एक हात खोबणीत, एक पाय अधांतरी, खाली नजर पोचेल तिथवर नुसती डोकी, आणि मी काका! पहिला टेक आवडला नाही. दुसऱ्यात केस डोळ्यांवर आले. तोवर वरून उतरणारे दरवाज्यात तुंबले, कुणाच्या तरी सॅकमधला स्पीकर बोंबलतोय, पाऊस सुरू झालेला. माझ्या खाली एक लहान पोरगी रडायला लागली. तिची आई तिला कातळाशी दाबून धरून म्हणाली, "दादा, पुढे सरका ना हो." तर दादा म्हणतात, "ताई, चिल!" ओल्या कातळावर, जवळपास ऐंशी अंशांच्या चढावर, लेकराला धरून उभ्या असलेल्या बाईला हा सांगतोय चिल! थोबाडीत मारायला हात मोकळा नव्हता, म्हणून वाचला.

असो. माकडांना वेफर्स भरवा. पुढच्या रविवारी ती कुणाची तरी सॅकच ओढतील, पण तेव्हा तुम्ही नसाल.

खाली आलात की लिंबूसरबतवाल्या मावशींशी पाच रुपयांसाठी घासाघीस करा आणि शहरात येऊन मिसळीचं बिल न बघता भरा.

नाही, आता उपरोध पुरे. अरे, अक्कल कुठे गहाण टाकलीत? त्या पायरीवर तुमचा पाय सुटला तर तुम्ही एकटे जाणार नाही, खालच्या रांगेला घेऊन जाल. मग धावत कोण येणार? ग्रुपवर 'डन' लिहिणारे नाही. पायथ्याच्या हर्षेवाडीची, निरगुडपाड्याची पोरं येणार, ज्यांच्या दारात तुम्ही पहाटे गाणी लावून गाडी लावलीत आणि जाताना बाटल्या फेकल्यात. अचानक जायची हौस आहे तर पांडवलेणीला जा. घराजवळ आहे, पायऱ्या रुंद आहेत, तिथे काढा दिवसभर केस नीट. हरिहरला यायचं तर शनिवार-रविवार सोडून या, स्पीकर घरी ठेवा, आणि एकदा पायरीवर पाय ठेवला की दरवाज्यापर्यंत थांबू नका. वर सपाटी आहे, तिथे काढा हवे तेवढे फोटो, कोण अडवतंय? पण पायऱ्यांवर मागे माणसं असतात. लहान पोरं असतात. एवढं कळायला कुणी शिकवावं लागतं का रे तुम्हाला?