क्लच दाबून बघितलात का?

आवाज पहिल्यांदा ऐकला तो आईने. गणपतीच्या आधीची गोष्ट. सकाळी गाडी चालू ठेवून मी हेल्मेट शोधत होतो, तर ती स्वयंपाकघरातून ओरडली, "अरे, मिक्सरमध्ये चमचा राहिलाय का बघ!" मिक्सर बंद होता. फाटकाबाहेर माझी मोटरसायकल खडखडत होती.

गाडी 2006 सालची, दीडशे सीसीची. पंधरा वर्षं झाली तेव्हा तिचं पुन्हा पासिंग करून घेतलं आणि तिने ते मनाला लावून घेतलं असावं. इंजिन गार असताना आवाज जास्त, तापल्यावर थोडा कमी. पण कमी म्हणजे किती? सप्टेंबरात साताऱ्याजवळच्या यवतेश्वरच्या घाटात कासला निघालेल्या एका पुण्याच्या मोटारीने काच खाली केली आणि आतल्या बाई कळवळून म्हणाल्या, "दादा, तुमच्या गाडीचं काहीतरी पडतंय."

आता मी हायस्कुलात विज्ञान शिकवतो, त्यामुळे मला हे कळायला हवं होतं. खरं तर कळतही होतं, फक्त पुस्तकातलं. पिस्टनने फिरणारा क्रँक दोनदा फिरला की व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट एकदा फिरायला हवा, तरच व्हॉल्व्ह वेळेवर उघडतात आणि मिटतात. हा हिशेब त्या दोघांना जोडणारी टायमिंग चेन सांभाळते. वर्षानुवर्षं फिरून चेन लांबते, सैल पडते आणि आतल्या आत आपटत राहते. तसं होऊ नये म्हणून सिलिंडरच्या पाठीमागे अंगठ्याएवढा एक टेन्शनर असतो. त्यातली स्प्रिंग एका दांडीला पुढे ढकलते आणि ती दांडी चेनलगतची पट्टी रेटून धरते. दांडीची गंमत अशी की ती पुढे सरकते, मागे येत नाही. आमच्या स्टाफरूममधल्या मतांसारखी.

तर ती मतं. इतिहासाच्या मॅडम म्हणाल्या, पेट्रोलमध्ये भेसळ. पीटीचे सर म्हणाले, 20डब्ल्यू-40 ऐवजी 20डब्ल्यू-50 ऑइल टाका, जाड ऑइलने आवाज दबतो. (दबला. आठ दिवस.) गणिताच्या सरांनी मात्र डोळे मिटून ऐकल्यासारखं केलं आणि निकाल दिला: "क्लच. शंभर टक्के क्लच." ते सिद्धता मांडत नाहीत, थेट उत्तर सांगतात. दसऱ्यानंतर मी एका गॅरेजात क्लचप्लेटा बदलून घेतल्या. 1400 रुपये गेले. आवाज होता तिथेच होता, उलट नव्या प्लेटांमुळे गाडी जोमाने पळायला लागली आणि तो जास्त लोकांपर्यंत पोचायला लागला.

शेवटी कोणीतरी गोडोलीतल्या मिस्त्रींकडे पाठवलं. त्यांनी काही विचारलं नाही. लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला, टोक सिलिंडरला लावलं, मूठ कानाला. दोन जागा बघितल्या, तिसऱ्या जागेवर थांबले.

"सर, तुमचं टायमिंग गेलंय."

नोकरीला लागल्यापासून मी एकदाही प्रार्थनेला उशिरा पोचलेलो नाही. पण बोललो नाही.

"टेन्शनर हाय. दोन बोल्टचं काम. उद्या या."

दुसऱ्या दिवशी गेलो तर "उद्या या." तिसऱ्या दिवशी शटर बंद. दोन बोल्टचं काम, हे शब्द मात्र डोक्यात फिरत राहिले. दोन बोल्ट! नववीच्या पोरांना यंत्रं समजावून सांगणाऱ्या माणसाला दोन बोल्ट?

दिवाळी झाल्यावरच्या रविवारी पोवई नाक्यावर स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो.

"जुना आणलाय?"

"तो गाडीत आहे."

"काढून आणा. सॅम्पलशिवाय द्यायचो न्हाय, परत घेऊन येता."

"अहो, काढल्यावर गाडीवर येणार कसा?"

"चालत या."

बरीच हुज्जत घातल्यावर साडेतीनशे रुपयांना मिळाला. समर्थ मंदिराजवळच्या घरी परत आलो, अंगणात पोतं अंथरलं आणि 10 नंबरचा पाना घेऊन बसलो. तेव्हा कळलं की टेन्शनर कार्ब्युरेटरच्या खाली, जिथे हात जातो पण बोटं वळत नाहीत अशा जागी आहे. हे डिझाइन ज्याने केलं त्याची बोटं पेन्सिलीएवढी असणार. पहिला बोल्ट निघायला वीस मिनिटं. दुसरा निघाला आणि गिअरबॉक्सवरून घरंगळत कुठेतरी गेला. तो शोधायला अर्धा तास. शेवटी तुळशीच्या कुंडीखाली सापडला. कसा गेला, देव जाणे.

नवा टेन्शनर कागदातून काढला. मागे एक बारीक स्क्रू दिसला. तो का असतो हे बघायला किंचित फिरवला. टर्रर्र! दांडी पूर्ण बाहेर. आता तो जागेवर ठेवला तर इंजिन आणि त्याच्यात बोटभर फट. बोल्ट आवळून फट मिटवायचा मोह झाला होता, पण तसं केलं की टेन्शनरचे कान तुटतात. म्हणजे दांडी आत घ्यायची. स्क्रू ड्रायव्हरने मागचा स्क्रू फिरवत गेलं की ती आत जाते, सोडलं की टर्रर्र. एक हात स्क्रू ड्रायव्हरला, एक टेन्शनरला आणि तिसरा बोल्टला. तिसरा हात आईचा घेतला.

"हे असंच धरून ठेव. हलू नकोस."

"किती वेळ?"

"दोन मिनिटं."

"गॅसवर दूध आहे."

दीड मिनिट झालं असेल. आत फस्सऽ झालं, अंगणात टर्रर्र झालं.

कंपाउंडच्या भिंतीवर हनुवटी टेकून शेजारचे काका केव्हापासून बघत होते. "किक मारून बघा. आपोआप बसेल," ते म्हणाले. माझा पाय खरोखर किकवर गेला. थकलेला माणूस कोणाचंही ऐकतो. मग एकदम आठवलं: टेन्शनर नसताना इंजिन फिरवलं तर सैल चेन दात सोडून उडी मारू शकते, टायमिंग चुकतं, आणि नशीब फारच वाईट असेल तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो. मी पाय असा उचलला की जणू खाली साप होता.

उरला एकच मार्ग. गाडी न्यूट्रलला आहे ना हे चारदा तपासलं, कारण गिअरमध्ये ढकलली तरी इंजिन फिरतंच. नवा टेन्शनर खिशात, जुना पिशवीत, सिलिंडरच्या भोकात फडक्याचा बोळा. समर्थ मंदिरापासून राजवाडा, वरच्या रस्त्याने पोवई नाका आणि पुढे गोडोली. बराचसा उतार आहे हे साताऱ्याचे उपकार. पण रविवारची संध्याकाळ, मोती चौकात पेढे घ्यायला अर्धं गाव आलेलं आणि त्यातले निम्मे पालक.

"सर, पेट्रोल संपलं?"

"नाही, टेन्शनर."

"टेन्शन नका घेऊ सर."

असे अकरा जण मोजले. बाराव्याने विचारलं, "क्लच दाबून बघितलात का?" त्याला मी उत्तर दिलं नाही.

मिस्त्रींनी बोळा बघितला, मग माझ्याकडे बघितलं. "खोलली?" एवढंच. त्यांनी मॅग्नेटच्या बाजूची टोपी काढली, पान्याने क्रँक सावकाश फिरवून टीची खूण खाचेसमोर आणली, वर कॅमची खूण पडताळली. "दात सुटला न्हाय. किक मारली न्हाईत, शहाणपणा केलात." आयुष्यात इतकं मोलाचं शाबासकीपत्र मिळालं नव्हतं. मग हॅक्सॉ ब्लेडचा घासलेला तुकडा त्यांनी टेन्शनरच्या मागच्या फटीत घातला, फिरवला, दांडी आत गेली आणि तो तुकडाच तिला अडवून तिथे बसून राहिला. म्हणजे आईचा हात. टेन्शनर जागेवर, दोन बोल्ट, तुकडा ओढून काढला. आत टक्क झालं. स्टार्टर दिला आणि मी ऐकत राहिलो. ऐकायला काही नव्हतंच.

जुन्याची दांडी दाखवून ते म्हणाले, "शेवटच्या दातावर आलीया बगा. चेन पण लांबलीया. आता चालंल, पण पुढच्या वर्षी चेन आणि गाइड बदलू." मी हो म्हणालो. पुढचं वर्ष लांब होतं.

सोमवारी शाळेत पोचलो तेव्हा फाटकावरच्या शिपायाने मान वर केली नाही. व्हरांड्यातून नववी ब मध्ये शिरलो, तर सगळा वर्ग फळ्याकडे तोंड करून हसत होता. फळ्यासमोर एक पोरगा पाय फाकवून, हवेत हँडल धरून उभा, आणि त्याच्या तोंडातून माझी गाडी निघत होती. हुबेहूब. गार इंजिनाची खडखड, रेस केल्यावर बारीक होणारी, सोडल्यावर परत मोठी होणारी.

मला बघून वर्ग गार झाला. पोराच्या हातातलं हँडल तसंच राहिलं.

"थांबू नकोस," मी म्हणालो. "आता क्लच दाब."

त्याने घाबरत डाव्या हाताची बोटं मिटली आणि आवाज सुरू केला. खडखड तीच. तसूभरही फरक नाही. क्लचचा आवाज असता तर दाबल्यावर बदलला असता.

"नीट दाबलास का?"

"हो सर. तुम्ही फाटकात क्लच दाबून थांबता ना, तेव्हा पण असाच यायचा. घटस्थापनेच्या आधीपासून."